नानांनी सांभाळलेलं वैर

गाडेकर नाना गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. 'इतिहासाचा चालताबोलता कोश हरपला' असं कोणीतरी लिहिलं होतं. खाली नानांचा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या टोपीतला फोटो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची भलीमोठी रांग. लगेच स्मरणिकेचं ठरलं, आणि पहिला लेख साळवे सरांनी लिहावा, तेच नानांच्या सर्वांत जवळचे, असंही ठरलं. साळवे सर म्हणजे मी. नगरच्या सावेडीत आमच्या दोघांच्या घरांमधली भिंत सामाईक होती, एवढीच काय ती जवळीक. ग्रुपवाल्यांना हवाय तो लेख माझ्याकडून होणार नाही आणि मी लिहीन तो ते छापणार नाहीत. म्हणून हा वेगळा लिहून ठेवतो.

मी गणित शिकवायचो, नाना इतिहास. शिकवायचे म्हणजे कोण कोणाचा वैरी होता, ते सांगायचे. त्यांच्या लेखी जगात आजवर दुसरं काही घडलंच नव्हतं. कोणी धरण बांधलं, कोणी बाजारपेठ वसवली, कोणी विहिरी खोदल्या, हे सगळं ते 'वाचून घ्या घरी' म्हणून उडवून लावत. आणि तहाचा धडा तर त्यांनी नोकरीत कधीच शिकवला नाही. दोन राजे एका सतरंजीवर बसले की नाना पुस्तक मिटायचे. मी एकदा विचारलं, "नाना, परीक्षेत तहाच्या अटी विचारतात हो." तर म्हणाले, "विचारू द्या. दोन मार्क जातील. पण पोरांना तहाची सवय लावणार नाही मी."

किल्ला पाहायला पोरांची सहल न्यायचे तेव्हाही तेच. खंदक किती रुंद, दगड कुठून आणले, पाणी कुठून यायचं, याची पोरं विचारपूस करायची. नाना त्यांना बुरुजावर उभं करून शत्रू कुठल्या अंगानं आला ते दाखवायचे आणि शेवटी आतल्या कोणीतरी कशी गद्दारी केली ते सांगताना त्यांचा आवाज घोगरा व्हायचा. मग शेवचिवडा वाटायचे. शनिशिंगणापूरला पाहुणे न्यायचे ते दर्शनासाठी कमी आणि शनी न् सूर्य या बापलेकांचं वैर अजून कसं मिटलं नाही ते ऐकवण्यासाठी जास्त. "देवादिकांना जमलं नाही तिथं तुम्ही कोण?" हा त्यांचा लाडका प्रश्न. तिथल्या बिनदाराच्या घरांची मात्र ते टिंगल करायचे. स्वतःच्या घराला त्यांनी दाबून बसणारी तीन कुलपं लावली होती, एक फाटकाला, एक जाळीच्या दाराला आणि एक आतल्या. किल्ल्यांचा जुडगा असायचा आक्कांच्या कमरेला, कारण स्वतः नाना किल्ली हमखास कुठेतरी विसरत.

आक्का म्हणजे सुभद्रा, नानांची धाकटी बहीण. नानांची बायको लवकर गेली, तेव्हापासून हे घर आक्काच सांभाळत. नानांचा मुलगा त्यांनीच वाढवला, तो पुण्याला नोकरीला लागून सुटला. आक्का बोलायच्या फार कमी. सकाळी फाटकाशी उभ्या राहून भाजीवाल्याची वाट पाहायच्या आणि मला बघून 'आलं का दूध?' एवढं विचारायच्या. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

आता नानांच्या खास वैराबद्दल सांगायला हवं. त्यांचं गाव धामणखेडं, पाथर्डीच्या अंगाला. गावाला लागून एक नदी आहे, वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. नदीपलीकडे कवठदरा नावाचं गाव. धामणखेड्याच्या भैरोबाचं लग्न कवठदऱ्याच्या जोगाबाईशी ठरलं होतं म्हणे. वरात नदीपर्यंत गेली, कवठदरेकरांनी ऐन वेळी नवरी लपवली, आणि नवरदेव हळदीच्या अंगानं माघारी आला. तेव्हापासून यात्रेत भैरोबाला हळद लागते, पालखी वाजतगाजत काठावर जाते, पलीकडे कवठदऱ्याची माणसं येऊन उभी राहतात आणि दोन्ही काठांवरून एकमेकांना मनसोक्त शिव्या घातल्या जातात. ज्या बाजूची माणसं आधी गप्प होतील त्यांच्या पुढाऱ्यानं टोपी काढायची. मग पालखी बिनलग्नाची परत. दर वर्षी हेच.

हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं, पण नानांना त्यात गंमत दिसत नव्हती. कवठदऱ्यानं धामणखेड्याचा अपमान केला आणि तो नानांनी उराशी धरला. मी शाळेत लागलो तेव्हा हे वैर दोनशे वर्षांचं होतं. मधे ते तीनशेचं झालं. नाना निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोपाच्या भाषणात ते चारशे वर्षांचं होऊन बसलं होतं. पुरावा विचारला की म्हणायचे, "वैराला पुरावा लागत नाही, साळवे. वैर सांभाळावं लागतं. रोज दाणापाणी करावं लागतं त्याचं." नानांनी ते अगदी निगुतीनं केलं. भाजीवाल्याला आधी गाव विचारायचे, मगच वांग्याला हात लावायचे. काठावर शिव्या घालण्याचा मान गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे होता आणि आपली टोपी एकदाही उतरली नाही, हे ते ओळख झाल्या झाल्या कोणालाही सांगत.

मला त्यांचा एक खास टोमणाही होता. मी ख्रिस्ती. नाना म्हणायचे, "तुमच्यात वैऱ्याला माफ करून टाकतात म्हणे. मग माणसानं जन्मभर करायचं काय?" यावर स्वतःच मोठ्यानं हसायचे आणि मला चहा पाजायचे.

पण त्यांची सर्वांत आवडती गोष्ट वेगळी होती. ती ते स्टाफरूममध्ये सांगायचे, घरी आलेल्यांना सांगायचे, आणि सांगताना त्यांची छाती फुगायची. नाना तेव्हा बी.ए.ला होते. त्यांच्या वडिलांनी कोणाला न विचारता आक्कांचं लग्न कवठदऱ्यातल्या एका कंपाउंडरशी ठरवलं. सुपारी फुटली, घरात हळदीची तयारी झाली. नाना कॉलेजातून घरी आले आणि त्यांना हे कळलं. "मी दारात उभा राहिलो, साळवे. त्यांचा नारळ त्यांच्या हातात परत दिला. म्हटलं, ज्यांनी आमच्या देवाची नवरी लपवली त्यांच्या घरात आमची पोरगी जाणार नाही. वडील रडले. मी हललो नाही." मोडलेल्या सुपारीची पोरगी म्हणून आक्कांना पुन्हा स्थळ आलं नाही, हा भाग ते सांगत नसत. तो मला इतरांकडून कळला. आणि ही गोष्ट ते आक्का चहाचे कप घेऊन बाहेर येत असताना सांगायचे. आक्का कप ठेवायच्या, बशीत सांडलेला चहा पदरानं पुसायच्या आणि आत जायच्या. इतक्या निर्लज्जपणे स्वतःची फुशारकी मारणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

एका यात्रेला त्यांनी मला आग्रहानं नेलं. नगरहून सरळ रस्ता कवठदऱ्यातून आणि तिथल्या पुलावरून जातो. नाना त्या पुलावरून कधी गेले नव्हते. ते मला स्कूटरवर मागे बसवून लांबच्या, खडीच्या रस्त्यानं घेऊन निघाले, आणि माळरानावर टायर बसला. चैत्राचं ऊन. एका बाभळीखाली आम्ही दोघं. तेवढ्यात कांद्याच्या गोण्यांनी भरलेला एक टेम्पो थांबला.

"काय नाना, उन्हात का बसले? या, सोडतो गावात. स्कूटर बी टाकू मागं."

नानांनी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"कवठदऱ्याचा की. वळखलं न्हाई व्हय?"

नानांनी तोंड फिरवलं. त्या माणसाला राग आला नाही. त्यानं मला विचारलं, मी चढलो. वाटेत त्यानं मला बाटलीतलं गार पाणी दिलं आणि म्हणाला, "लई भारी मानूस हाय आमचा नाना. काठावर काय शिव्या देतो! आमच्या पोरांनी मोबाईलमधी भरून ठेवल्यात." त्याच्या बोलण्यात कौतुक होतं, निव्वळ कौतुक. मी धामणखेड्यात जेवून, झोपून उठलो तेव्हा नाना स्कूटर ढकलत आले. चेहरा लाल, टोपी घामानं भिजलेली. मी टेम्पोत बसलो म्हणून माझ्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

पुढे नानांवर मोठं संकट आलं. कवठदऱ्याचे लोक काठावर येईनासे झाले. आधी वीसपंचवीस यायचे, मग पाचसहा, मग एका वर्षी एक म्हातारा येऊन बसला आणि तंबाखू मळत राहिला. आणि एका यात्रेला कोणीच आलं नाही. नाना काठावर उभे राहून शिव्या देत होते आणि पलीकडे दोन शेळ्या चरत होत्या. त्या वर्षी घरी आल्यावर त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. भिंतीपलीकडून त्यांच्या येरझाऱ्या मला ऐकू यायच्या. वैरीच नसेल तर आपण जन्मभर कोणासाठी उभे होतो, हा प्रश्न त्यांना पडला असणार. तसा तो त्यांना बराच उशिरा पडला.

पुढची यात्रा जवळ आली आणि एका सकाळी नाना माझ्या दारात. "साळवे, तुमची गाडी काढा. कवठदऱ्याला जायचंय."

मला वाटलं, मिटवायला चाललेत. मी खुळा. ते वैऱ्यांना निमंत्रण द्यायला चालले होते. आक्का म्हणाल्या, मी पण येते, जोगाबाईचं दर्शन घेईन. नानांचं लक्ष आपल्या भाषणात होतं.

कवठदऱ्याचा सरपंच तरुण होता. त्यानं उठून नमस्कार केला, ओट्यावर सतरंजी टाकली, आक्कांना आपल्या चुलतीशेजारी बसवलं. नानांनी घसा साफ करून कर्तव्य, परंपरा, चारशे वर्षं असं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही आलं पाहिजे. वैऱ्यानं अशी पाठ फिरवायची नसते."

सरपंच गोंधळला. "वैरी? कोन वैरी, नाना?"

"तुम्ही. आम्ही. आपण."

"आवो काय बोलता!" सरपंच हसला. "पोरं एमआयडीसीत असत्यात, सुट्टी न्हाई मिळत, म्हनून येनं होत न्हाई. पन वैर कशाचं? जोगाबाई आमची लेक. तिची आई म्हनली, पोर ल्हान हाय, आजून एक साल माझ्यापाशी राहू द्या. म्हनून दर साली नवरदेव येतो आन आमी पुढल्या साली या म्हनून धाडतो. लग्नात नवरीकडचे नवरदेवाला शिव्या देत्यात का न्हाई? त्याच ह्या. तुमी आमचे व्याही, नाना. व्याह्याला नाय शिव्या द्यायच्या तर कुनाला?"

नानांचा चहा हातातच राहिला. ते म्हणाले, "मग सोयरीक का नाही दोन्ही गावांत?"

"आमच्याकडनं कवा नाय हुती? आमच्या चुलत्याचंच जमलं हुतं की तुमच्या गावात. तुमच्याकडच्यांनीच नारळ माघारी दिला. चुलता गेला मागल्या साली. सांगायचा, आमचं काय चुकलं तेवढं कळलं न्हाई."

त्याला माहीत नव्हतं तो कोणाच्या तोंडावर हे सांगतोय. त्याच्या चुलतीला मात्र कळलं असावं, कारण तिनं आक्कांच्या मांडीवर हात ठेवला. आक्का समोरच्या तुळशीकडे पाहत होत्या. बघत बघतच त्यांनी कपातला चहा संपवला.

गाडीत बसल्यावर नाना म्हणाले, "बनेल आहेत. वैर लपवतायत. हा त्यांचा डाव आहे, साळवे." हे ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मागच्या सीटवर आक्का ऐकत होत्या. मला त्या वेळी गाडी थांबवून या माणसाला खाली उतरवावंसं वाटलं, हे मी खरं सांगतो.

यात्रेला मी पुन्हा गेलो, या वेळी नानांना स्कूटरवर मागे बसवून. अर्थात लांबच्याच रस्त्यानं. आक्का आदल्या दिवशीच एसटीनं गेल्या होत्या. ऊन कलल्यावर हलगी वाजायला लागली. भैरोबाला हळद लागली, पालखी काठावर आली. माणसं थोडी, मोबाईल जास्त. नाना पुढे झाले, टोपी नीट केली आणि पलीकडच्या मोकळ्या काठाकडे पाहून ओरडले, "नवरी लपवणाऱ्यांनो, तोंड दाखवा!"

"दाखवते की!" पलीकडून आवाज आला.

बाभळीमागून एक बाई पुढे आली. सूर्य तिच्या पाठीशी होता, चेहरा दिसत नव्हता. नानांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आलं कोणीतरी! त्यांनी नव्या जोमानं सुरुवात केली, "अगं, चारशे वर्षं झाली, लाज वाटत नाही का?"

"लाज? आन मला? भान्या, डोळं फुटलं का तुझं? मी सुभी हाय!"

भान्या हे नानांचं घरचं नाव. लोक हसले. हलगीवाल्यानं जोरात थाप मारली. त्याला वाटलं, यंदा रंगणार.

"नवरी आमी लपवली म्हनतो व्हय! तू माघारी धाडली नवरी! माझी हळद दळून झाली हुती, भान्या. बाया जात्यावर गानं म्हनत हुत्या, त्यांना तू उठवलं. डबाभर हळद. आईनं ती वरीसभर कालवनात घातली. मी खाल्ली ती माझी हळद, तुझ्या शेजारी बसून! तू म्हनायचा, मीठ कमी हाय!"

आता कोणी हसत नव्हतं. हलगी थांबली.

"चारशे वर्साचं सांगतो. माझं न्हाई सांगत तू कवा. सांगतो, पन फुशारकीनं सांगतो, मला चहा आनाय लावून! तुझं पोर वाढवलं, तुझी धुनी धुतली, तुझ्या तीन कुलपांच्या किल्ल्या कमरेला बांधून फिरले. वैरी पायजे हुता ना तुला? घरातच हुता की, मुडद्या! तवा का न्हाई दिसला? आता बोल! वर्गात बोलत हुता, सभेत बोलत हुता. बोल की!"

नानांचं तोंड उघडं होतं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. इतक्या वर्षांत ज्याच्या जिभेला कधी अडखळ नव्हती तो माणूस एक अक्षर बोलू शकला नाही. पलीकडे आक्का कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट पाहत उभ्या होत्या. पाहत राहिल्या. शेवटी पालखीचा पुजारी हळूच म्हणाला, "नाना, रीत हाय. टोपी." नानांनी टोपी काढली. टक्कल फार पांढरं दिसलं, त्याला कधी ऊनच लागलं नव्हतं.

पालखी मागे फिरली. सरपंचाची चुलती आली आणि आक्कांचा हात धरून त्यांना आपल्या घराकडे घेऊन गेली. आक्कांनी वळून पाहिलं नाही.

मी स्कूटर काढली. म्हटलं, "पुलावरून जाऊ. वाटेत आक्कांना भेटता येईल." नाना म्हणाले, "लांबून घ्या." एवढं होऊनही लांबून! माळावरून धूळ खात आम्ही आलो. सावेडीत पोचलो तेव्हा रात्र झाली होती. नाना फाटकाशी गेले आणि खिसे चाचपायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं. फाटकाला एक, जाळीला एक आणि आतल्या दाराला एक, तिन्ही कुलपं जागेवर होती आणि किल्ल्या कवठदऱ्यात होत्या.

मी विचारलं, "आक्कांना फोन लावू?"

"नको," नाना म्हणाले. मग फाटकाच्या गजाला धरून म्हणाले, "वैऱ्याला काय फोन करायचा, साळवे."

त्यांची मला कीव यायला हवी होती, असं घरचे म्हणतात. मला आली नाही. आजही येत नाही. आक्का त्यानंतर कवठदऱ्यातच राहिल्या, किल्ल्या त्यांनी टेम्पोवाल्याबरोबर पाठवून दिल्या. त्या टेम्पोवाल्याला गाव न विचारता नानांनी त्या घेतल्या, एवढं मी माझ्या फाटकातून पाहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना मुलगा पुण्याला घेऊन गेला आणि आमची भेट झाली नाही. मला ते आठवतात ते त्या रात्रीचे. मी माझं दार उघडून आत जाताना मागे वळून पाहिलं, तर नाना स्वतःच्या फाटकाबाहेर पायरीवर बसले होते, आणि टोपी अजून त्यांच्या हातातच होती.